तेरहाच्या मृत्यूपासून यहूदाच्या नातवंडांपर्यंत : उत्पत्तीच्या कालपटाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

अभ्यासवर्गासाठी पूर्वजांचा कालपट तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. नोहाच्या पुत्रांपासून मोशेच्या जन्मापर्यंतची वर्षे एका एक्सेल तक्त्यात मांडायची आणि वर्गात वारंवार विचारल्या जाणाऱ्या विसंगतींची तपासणी त्या तक्त्याच्या आधारे करायची, एवढीच या प्रकल्पाची व्याप्ती आहे. आपले मराठी पवित्र शास्त्र ज्या हिब्रू मसोरा पाठावर (यहूदी परंपरेने जतन केलेल्या मूळ भाषेतल्या पाठावर) उभे आहे त्याचे आकडे मुख्य स्तंभात राहतील. सेप्टुअजिंट हे प्राचीन ग्रीक भाषांतर आणि शोमरोनी पंचग्रंथ (शोमरोनी समाजाने जपलेला मोशेच्या पाच पुस्तकांचा पाठ) यांचे आकडे शेजारच्या स्तंभांत येतील. शास्त्रात स्पष्ट लिहिलेला आकडा काळ्या अक्षरांत आणि बेरीज-वजाबाकीतून आपण काढलेला आकडा निळ्या अक्षरांत लिहायचा, हा नियम सुरुवातीलाच ठरवून टाकला, कारण या विषयावरचे बरेचसे वाद दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला पहिल्या प्रकारचा समजण्यातून उद्भवतात.

शून्य वर्ष म्हणून अब्रामाचा (पुढे ज्याचे नाव अब्राहाम झाले त्याचा) जन्म धरला आहे. जगाच्या उत्पत्तीपासून मोजले असते तर तिन्ही पाठांतला फरक पहिल्याच पानापासून मागे लागला असता. अब्रामापासून पुढे मात्र मिसरात (इजिप्तमध्ये) जाईपर्यंतचे महत्त्वाचे आकडे तिन्ही पाठांत जुळतात.

५ जून

पहिला प्रश्न तेरहाचा. उत्पत्ती ११:२६ मध्ये तेरह सत्तर वर्षांचा झाला आणि त्याला अब्राम, नाहोर व हारान झाले, असे सांगितले आहे. ११:३२ मध्ये त्याचे आयुष्य २०५ वर्षांचे होते आणि तो हारान नगरात मरण पावला, असे आहे. १२:४ प्रमाणे अब्रामाने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. ७० आणि ७५ मिळून १४५ होतात. म्हणजे अब्राम निघाला तेव्हा तेरहाची ६० वर्षे उरलेली होती. प्रेषितांची कृत्ये ७:४ मध्ये मात्र पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन न्यायसभेपुढे सांगतो की बाप मेल्यानंतर देवाने अब्राहामाला तेथून या देशात आणले.

ही अडचण आधुनिक टीकाकारांनी शोधून काढलेली नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील चौथ्या गुहेत सापडलेल्या उत्पत्तीवरील एका भाष्याने हाच हिशेब मांडलेला आहे: तेरह १४० वर्षांचा असताना ऊर सोडून हारानास आला, तेव्हा अब्राम ७० वर्षांचा होता आणि नंतर तो पाच वर्षे हारानात राहिला. याचा अर्थ त्या भाष्यकारानेही अब्रामाचा जन्म तेरहाच्या सत्तराव्या वर्षीच धरला होता. उलट पहिल्या शतकातला यहूदी तत्त्वज्ञ, आलेक्सांद्रियाचा फिलो, अब्राहामाच्या स्थलांतरावर लिहिताना, बाप हारानात वारल्यानंतर अब्राहाम तेथून निघाला, ही गोष्ट नियमशास्त्र जाणणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो. तेव्हा स्तेफनाच्या तोंडचे वाक्य एकट्याचे नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीकभाषी यहूदी मंडळींत ही समजूत रूढ होती, आणि स्तेफनाशी वाद घालणाऱ्यांत आलेक्सांद्रियाचे लोक होते हे कृत्ये ६:९ वरून दिसतेच.

शोमरोनी पंचग्रंथात तेरहाचे आयुष्य १४५ वर्षांचे आहे, त्यामुळे तेथे अडचणच उरत नाही. पण नेमक्या अडचणीच्या जागी नेमका सोयीचा आकडा असणे ही गोष्ट मला आश्वासक वाटत नाही. अडचण ओळखूनच कुणीतरी आकडा बदलला असेल, अशी शंका तेथे रास्त ठरते. अर्थात तोच मूळ आकडा होता आणि स्तेफन व फिलो त्याच परंपरेने बोलत होते, असे मानणारेही अभ्यासक आहेत.

६ जून

कालचाच विषय पुढे चालू. सर्वांत प्रचलित समाधान असे की अब्राम थोरला नव्हता. तेरहाच्या सत्तराव्या वर्षी पहिला पुत्र झाला आणि अब्राम १३० व्या वर्षी झाला. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या कालगणनेत हेच स्वीकारले आहे आणि म्हणूनच त्यांच्या गणनेत अब्रामाचा जन्म इ. स. पू. १९९६ हा येतो. अनेक जुन्या इंग्रजी बायबलांच्या समासात छापलेली वर्षे या गणनेवरून घेतलेली असल्याने आपल्याकडच्या कित्येक ज्येष्ठांच्या मनात ती शास्त्रवचनाइतकीच पक्की बसली आहेत.

या समाधानाच्या बाजूने जे आहे ते कमी नाही. हारानाची मुलगी मिल्का हिच्याशी नाहोराने लग्न केले, म्हणजे हारान नाहोरापेक्षा बराच मोठा असला पाहिजे, तरीही यादीत त्याचे नाव शेवटी आहे. नोहाच्या पुत्रांबाबतही तसेच आहे. ५:३२ वाचून नोहा पाचशे वर्षांचा असताना शेम झाला असे वाटते. पण जलप्रलयाच्या वेळी नोहा ६०० वर्षांचा होता आणि ११:१० प्रमाणे प्रलयानंतर दोन वर्षांनी, अर्पक्षद झाला तेव्हा, शेम १०० वर्षांचा होता, म्हणजे शेमाचा जन्म नोहाच्या सुमारे ५०२ व्या वर्षी पडतो. तेथेही तिघांची नावे एका आकड्याखाली आहेत आणि ज्याच्या वंशाची कथा पुढे सांगायची आहे त्याचे नाव अग्रभागी आहे. यादीचा क्रम हा जन्मक्रम नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून सिद्ध मानायला हरकत नाही.

पण यादीचा क्रम जन्मक्रम नाही एवढ्यावरून १३० हा आकडा सिद्ध होत नाही. तो उत्पत्तीत कोठेही नाही; २०५ मधून ७५ वजा करून तो आला आहे आणि त्या वजाबाकीचा एकमेव आधार स्तेफनाचे वाक्य आहे. शिवाय १७:१७ मध्ये शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल काय, असे म्हणून अब्राहाम हसतो. त्याच्या स्वतःच्या बापाला १३० व्या वर्षी तो झाला असता तर हे आश्चर्य थोडे विचित्र ठरते. यावर उत्तर देता येते, कारण त्या वचनात नव्वदीच्या सारेचाही उल्लेख आहे आणि पुढे कटूरेपासून अब्राहामालाच आणखी सहा पुत्र झाले. तरी ते उत्तर थोडे ओढून आणलेले वाटते.

१३० हा आकडा निळ्या अक्षरांत, पर्यायी ओळीत लिहिला. मुख्य ओळीत तेरहाचा जन्म उणे ७० आणि मृत्यू १३५ असा ठेवला आहे.

१० जून

तेरह अब्रामाच्या १३५ व्या वर्षी वारला असे मानले, तर त्याच्या मृत्यूची नोंद अब्रामाच्या प्रस्थानाआधी का येते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर तेरहापाशी न शोधता उरलेल्या पूर्वजांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासण्यात आजचा वेळ गेला, आणि या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी भाग बहुधा हाच ठरेल.

अब्राहामाचा मृत्यू २५:७-८ मध्ये, १७५ व्या वर्षी, सांगितला आहे. याकोब व एसाव या जुळ्यांचा जन्म त्यानंतर, त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात येतो. पण इसहाकाच्या जन्मावेळी अब्राहाम १०० वर्षांचा होता आणि जुळी झाली तेव्हा इसहाक ६० वर्षांचा होता. म्हणजे त्या वेळी अब्राहाम १६० वर्षांचा होऊन हयात होता आणि नातवंडे पंधरा वर्षांची होईपर्यंत जगला. कथेत मात्र आजोबा आणि नातवंडे एकदाही समोरासमोर येत नाहीत.

इसहाकाचे उदाहरण याहून ठळक आहे. तो १८० व्या वर्षी वारला आणि एसाव व याकोब यांनी त्याला पुरले, हे ३५:२८-२९ मध्ये आहे. योसेफाला सतराव्या वर्षी विकल्याची कथा ३७ व्या अध्यायात आहे. आता आकडे पाहू. फारोपुढे उभा राहिला तेव्हा योसेफ ३० वर्षांचा होता (४१:४६). सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन वर्षे गेली तेव्हा तो ३९ वर्षांचा झाला आणि त्याच सुमारास याकोबाने आपले वय १३० सांगितले (४७:९). म्हणून योसेफाच्या जन्मावेळी याकोब ९१ वर्षांचा होता, योसेफ विकला गेला तेव्हा १०८ वर्षांचा, आणि त्या वेळी इसहाक १६८ वर्षांचा. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा याकोबापुढे आणला गेला तेव्हा इसहाकाची बारा वर्षे अजून उरली होती. तो वारला तेव्हा योसेफ २९ वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहण्यास वर्षभराचाच अवधी राहिला होता.

उत्पत्तीचा लेखक एका पुरुषाचे खाते पूर्ण बंद करतो आणि मगच पुढच्याचे उघडतो. दोन खात्यांतल्या नोंदी तारखेनुसार एकमेकांत मिसळत नाहीत. तेरहाच्या बाबतीत हीच रीत लागू केली, तर ११:३२ नंतर १२:१ येणे एवढ्यावरून काळाचा क्रम काढता येत नाही, आणि स्तेफनाला किंवा फिलोला जे दिसले ते ग्रंथाच्या मांडणीचा सरळ क्रम लावून दिसले, असे म्हणता येते. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने 'देवाचे नगर' या ग्रंथात जवळजवळ हाच विचार मांडला आहे: तेरहाच्या मृत्यूपर्यंत जाऊन कथा पुन्हा मागे येते. अकराव्या शतकातल्या राशी या यहूदी भाष्यकारानेही अब्राम निघाल्यानंतर तेरह साठ वर्षे जिवंत होता हे मान्य केले आहे. म्हाताऱ्या बापाला सोडून गेला असा बोल अब्रामावर येऊ नये म्हणून मृत्यू आधी सांगितला, असे कारण तो देतो. कारण पटो वा न पटो, त्याचे अंकगणित चोख आहे.

पाळकसाहेबांना हा भाग वाचायला दिला. त्यांचा आक्षेप असा की यामुळे स्तेफनाचे वाक्य चुकीचे ठरते आणि वर्गातल्या काहींना ते सहन होणार नाही. त्यावर माझे म्हणणे टिपणात लिहून ठेवले आहे: लूकने स्तेफनाचे भाषण जसे झाले तसे नोंदवले, आणि ते भाषण त्या काळच्या ग्रीकभाषी यहूद्यांच्या परिचित परंपरेतले होते. ज्यांना हे पुरेसे वाटत नाही त्यांच्यासाठी पर्यायी ओळ तक्त्यात आहेच.

१४ जून

वरच्या हिशेबातून निघणाऱ्या एका उपप्रश्नाची नोंद. योसेफ झाल्यावर याकोबाने आपल्या देशी परत जाण्याची परवानगी सासरा लाबान याच्याकडे मागितली (३०:२५), आणि तोवर त्याच्या सेवेची चौदा वर्षे झाली होती. मग याकोब घर सोडून पळाला तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. रविवारच्या शाळेच्या चित्रांत दगडाची उशी करून झोपलेला जो तरुण असतो, त्याच्याशी हे वय जुळत नाही. पण आकड्यांना दुसरी वाट नाही.

याच हिशेबाने त्या वेळी इसहाक १३७ वर्षांचा होता. डोळे अधू झाले, मरणाचा दिवस ठाऊक नाही, म्हणून आशीर्वाद देऊन टाकतो, असे तो म्हणतो आणि त्यानंतर ४३ वर्षे जगतो. हे विसंगत आहे असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. त्याचा सावत्र भाऊ इश्माएल १३७ व्या वर्षीच वारला होता (२५:१७). इश्माएल चौदा वर्षांनी मोठा, म्हणजे त्याच्या मृत्यूला तेव्हा चौदा वर्षे झाली होती आणि इसहाक नेमका भावाच्या मृत्यूच्या वयाला पोहोचला होता. शास्त्र हा संबंध जोडत नाही, म्हणून तक्त्यात तो लिहिलेला नाही.

१५ जून

नोहाचा आजा मथुशलह जलप्रलयानंतरही जगला काय, हा प्रश्न आमच्या व्याप्तीच्या किंचित आधीचा आहे, तरी थोडक्यात घेतला. मसोरा पाठात लामेख झाला तेव्हाचे मथुशलहाचे वय १८७, नोहा झाला तेव्हाचे लामेखाचे १८२ आणि प्रलयावेळचे नोहाचे ६०० यांची बेरीज मथुशलहाच्या आयुष्याइतकीच, ९६९, होते, म्हणजे मथुशलह जलप्रलयाच्याच वर्षी वारतो. सेप्टुअजिंटच्या प्रमुख पाठात पहिल्या दोहोंच्या जागी १६७ आणि १८८ हे आकडे आहेत. त्यामुळे तेथे तो तारवात नसूनही प्रलयानंतर चौदा वर्षे जगतो. ऑगस्टीनच्या काळी यावर मोठी चर्चा होती आणि त्याने भाषांतरापेक्षा मूळ भाषेचा पाठ ग्राह्य मानावा असा कौल दिला. शोमरोनी पाठात यारेद, मथुशलह आणि लामेख हे तिघेही प्रलयाच्या वर्षी मरतात. येथे समेट घालण्यासारखे काही नाही. तीन पाठांत आकडे वेगळे आहेत, ते तीन स्तंभांत लिहिले आणि पुढे गेलो.

मसोरा आकडे घेतल्यास शेम अब्राहामानंतरही ३५ वर्षे जगतो आणि त्याचा पणतू एबर ६४ वर्षे. अब्रामाला आशीर्वाद देणारा शालेमाचा राजा मलकीसदेक म्हणजेच शेम, ही यहूदी परंपरा याच आकड्यांमुळे शक्य झाली. अब्रामाचा जन्म तेरहाच्या १३० व्या वर्षी धरला तर शेम अब्राहामाच्या १५० व्या वर्षी वारतो. साठ वर्षांच्या एका निर्णयाचा परिणाम कोठवर पोहोचतो, हे दाखवण्यासाठी ही ओळ ठेवली आहे.

२१ जून

मिसरातील वास्तव्य. निर्गम १२:४० मध्ये इस्राएल लोक मिसर देशात ४३० वर्षे राहिले असे आहे. उत्पत्ती १५:१३ मध्ये ४०० वर्षे आहेत. हा फरक ठोकळ संख्येचा म्हणून सोडून देता येईल. खरी अडचण गलतीकरांस पत्र ३:१७ मध्ये आहे, कारण तेथे पौल अब्राहामाला दिलेल्या वचनापासून नियमशास्त्रापर्यंतच ४३० वर्षे मोजतो. सेप्टुअजिंट आणि शोमरोनी पाठ या दोहोंत निर्गम १२:४० मध्ये मिसराबरोबर कनान देशाचाही उल्लेख आहे, आणि पौलाचा हिशेब त्या पाठाशी जुळतो.

हिशेब असा आहे. अब्राम कनानात आला तेव्हा ७५, इसहाक झाला तेव्हा १००, हे अंतर २५. इसहाकापासून याकोब ६०. याकोब फारोपुढे उभा राहिला तेव्हा १३०. एकूण २१५. मिसरासाठी उरली २१५. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस यानेही एके ठिकाणी हेच दोन समान भाग दिले आहेत, जरी दुसऱ्या ठिकाणी तो मिसरातल्या छळाची ४०० वर्षे सांगून मोकळा होतो. 'सेदेर ओलाम' हा यहूदी कालगणनेचा ग्रंथ ४०० वर्षे इसहाकाच्या जन्मापासून मोजतो, ४३० त्याच्या तीस वर्षे आधीच्या करारापासून धरतो, आणि मिसरातली वर्षे २१० ठरवतो.

मला निर्णायक वाटते ती योखबेदेची ओळ. गणना २६:५९ प्रमाणे ती लेवीची, मिसरात झालेली मुलगी आणि मोशेची आई होती. लेवी हा याकोब व लेआ यांचा तिसरा पुत्र. मिसरात उतरताना तो साधारण ४३ वर्षांचा असेल आणि त्याचे आयुष्य १३७ वर्षांचे होते, म्हणजे तेथे तो ९४ वर्षे जगला. मिसरातली वर्षे ४३० धरली तर मोशेचा जन्म ३५० व्या वर्षी येतो, आणि लेवीच्या अगदी शेवटच्या वर्षी जन्मली असे मानले तरी योखबेद तेव्हा किमान २५६ वर्षांची ठरते. २१५ धरली तर मोशे १३५ व्या वर्षी जन्मतो आणि ती ४१ किंवा त्याहून काहीशी मोठी ठरते. लेवीचा पुत्र कहाथ आणि मोशेचा बाप अम्राम यांच्या आयुष्यांचाही असाच अडथळा आहे. कहाथ कनानातच जन्मलेला होता (उत्पत्ती ४६:११). त्याची १३३, अम्रामाची १३७ आणि निर्गमनावेळची मोशेची ८० ही सगळी वर्षे एकाला एक जोडली तरी ३५० च्या पुढे जात नाहीत.

दुसरी बाजूही लिहून ठेवली पाहिजे. गणना ३:२८ मध्ये कहाथाच्या वंशात एक महिन्यावरील पुरुष ८,६०० आहेत. कहाथ मोशेचा सख्खा आजोबा असेल तर चार मुलांपासून एवढी संख्या इतक्या लवकर होणे समजत नाही. मिसरात उतरलेल्या सत्तर जणांपासून ६,०३,५५० लढवय्ये २१५ वर्षांत होणे त्याहून कठीण. १ इतिहास ७ मध्ये एफ्राईमापासून यहोशवापर्यंत पिढ्यांची लांब रांग आहे. म्हणूनच वंशावळीत मधल्या पिढ्या गाळल्या आहेत आणि ४३० वर्षे मिसरातलीच आहेत असे मानणारे अभ्यासक निव्वळ हट्टाने तसे म्हणत नाहीत. मात्र पिढ्या गाळल्या असे म्हटले तर योखबेद 'लेवीची, मिसरात झालेली मुलगी' कशी, याचे उत्तर त्यांना द्यावे लागते, आणि ते मला अजून समाधानकारक दिसलेले नाही. माझा कल २१५ कडे आहे. तक्त्यात दोन्ही ओळी राहतील.

इ. स. पू. चा स्तंभ टाकावा अशी एक सूचना आली होती. ती स्वीकारली नाही. अब्रामाला तसे वर्ष द्यायचे तर १ राजे ६:१ मधील ४८० वर्षे शब्दशः घ्यायची की नाही आणि मिसरातली २१५ की ४३०, हे दोन्ही निर्णय त्या एका आकड्यात लपून जातील.

२८ जून

शेवटचा प्रश्न यहूदाच्या घराचा. योसेफ विकला गेल्यापासून (त्याचे वय १७) याकोब मिसरात जाईपर्यंत (योसेफाचे वय ३९) २२ वर्षे होतात. ३८ वा अध्याय त्या विक्रीच्या लगोलग येतो आणि त्या समयाचाच असल्याचे सांगतो. या २२ वर्षांत यहूदाने लग्न केले, एर, ओनान व शेला हे तीन पुत्र झाले, थोरल्याचे तामारेशी लग्न झाले, तो वारला, दुसरा वारला, तिसरा वयात आला, तामारेला यहूदापासून पेरेस व जेरह झाले; आणि ४६:१२ प्रमाणे मिसरात उतरलेल्यांच्या यादीत पेरेसाचे पुत्र हेस्रोन व हामूलही आहेत. पहिल्या भागासाठीच जवळजवळ सगळी वर्षे लागतात. पेरेसाला मुले होण्यास जागा उरत नाही.

यहूदाचे लग्न आधी झाले होते असे मानून येथे खाते बंद करण्याची रीत लावण्याचा मोह होतो, पण ती पुरत नाही. यहूदा लेआचा चौथा पुत्र. याकोबाच्या लग्नानंतरच्या सात वर्षांत तो जन्मला, म्हणजे योसेफाहून तीनेक वर्षांनीच मोठा. विक्रीच्या वेळी तो विशीच्या आसपास होता. लग्न कितीही मागे ढकलले तरी चार-पाच वर्षांपलीकडे काही हाती लागत नाही.

तेव्हा यादीचे स्वरूप तपासले. तिच्यात एर आणि ओनान कनानात मेल्याचे नमूद करून लगेच हेस्रोन व हामूल येतात, जणू त्या दोघांच्या जागी. ज्याला योसेफाचे भाऊ लेकरू म्हणतात त्या बन्यामिनाला त्याच यादीत दहा पुत्र आहेत. सेप्टुअजिंटमध्ये त्यांतले काही नातू आणि पणतू म्हणून दिले आहेत. सेप्टुअजिंटची यादी आणखी स्पष्ट आहे: तिच्यात मनश्शे व एफ्राईम यांची संततीही मोजून एकूण संख्या ७५ केली आहे, आणि स्तेफनाने कृत्ये ७:१४ मध्ये हाच आकडा वापरला आहे. योसेफाचे हे दोन पुत्र दुष्काळापूर्वीच्या सात वर्षांत जन्मले (४१:५०). याकोब आला त्या दिवशी ते नऊ वर्षांपेक्षा मोठे असूच शकत नाहीत. त्यांची मुले मोजणारी यादी त्या दिवसाची शिरगणती असणे शक्य नाही. पुढे ज्या घराण्यांचे मिसरात कुळ झाले त्यांची ती यादी आहे, आणि हिब्रू पाठातली सत्तरांची यादीही त्याच जातीची मानायला हेस्रोन व हामूल हेच कारण पुरेसे आहे.

या वाचनाने ३८ व्या अध्यायाची अडचण हलकी होते, पूर्ण मिटत नाही. पेरेस व जेरह हे दोघे तान्हे असतानाच मिसरात गेले असे तरीही मानावे लागते, आणि एरचे लग्न फार लहान वयात झाले असेही. हेस्रोन व हामूल यांच्या जन्मवर्षाचे चौकोन रिकामे ठेवले आहेत. मुद्रणासाठी द्यायच्या प्रतीत त्या चौकोनांच्या समासात फक्त '४६:१२, यादीचे स्वरूप पाहावे' एवढे टिपण जाईल.